डार्टमूर : चौकटीत न मावलेले

मराठीत 'मूर' या शब्दाला नेमका प्रतिशब्द नाही. माळ म्हणावे तर डोळ्यांसमोर येते ते उन्हात करपलेले कुसळी गवत आणि लांबवर एखादी बाभूळ. पठार म्हणावे तर शब्द भूगोलाच्या पुस्तकातला वाटतो. कोकणातला सडा त्यातल्या त्यात जवळचा, पण सड्यावर पायाखाली टणक कातळ लागतो आणि मूरवर बऱ्याच ठिकाणी पाण्याने फुगलेले, काळे, स्पंजासारखे दबणारे पीट. हजारो वर्षे पुरते न कुजता साचत गेलेल्या शेवाळ्या-गवताचा तो थर. त्यालाही आपल्याकडे शब्द नाही, कारण आपल्याकडे तो फारसा नाही. आमची या शब्दाशी पहिली ओळख झाली ती शाळकरी वयात, आर्थर कॉनन डॉयलच्या 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'च्या मराठी रूपांतरातून. आम्ही दोघांनी ते वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या वाचनालयांतून आणून वाचले होते, आणि लग्नानंतर कितीतरी वर्षांनी गप्पांच्या ओघात असे लक्षात आले की दोघांच्याही डोळ्यांपुढे उभे राहिलेले चित्र जवळजवळ एकच आहे : धुके, दलदल, काळे खडक, आणि मैलोगणती कोणीही नाही.

'कोणीही नाही' हा त्या चित्राचा गाभा होता. ते टिपायलाच आम्ही गेल्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यातल्या डार्टमूरला सहा दिवस जाऊन राहिलो. आमच्यापैकी एकाच्या गळ्यात कॅमेरा होता आणि दुसरीच्या हातात नकाशा. सह्याद्रीत हिंडायला लागल्यापासून ही वाटणी ठरलेली आहे आणि आमची बरीचशी भांडणेही तिच्यातूनच निघतात. या लेखातले भांडण त्यांपैकीच एक.

डार्टमूर हे १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, क्षेत्रफळ सुमारे ९५४ चौरस किलोमीटर. कळसूबाईच्या १६४६ मीटरची सवय असलेल्याला इथली उंची हसण्यावारी न्यावीशी वाटते. सर्वांत उंच माथा, हाय विल्हेज, अवघा ६२१ मीटरचा. पण मूरवर उंचीचा अंदाज घ्यायला झाडच नसते. लाटेमागून लाट यावी तशी तपकिरी उतरण पसरत जाते आणि मधूनच एखाद्या लाटेच्या माथ्यावर दगडांची रास उभी असते. या राशींना तिथे 'टॉर' म्हणतात. असे दीडशेहून अधिक टॉर या प्रदेशात आहेत, आणि प्रत्येकाला नाव आहे.

पहिल्या दिवशी हेटॉरसमोर उभे राहिलो तेव्हा दोघांच्याही तोंडून एकदम 'हंपी' हा शब्द निघाला. तो अगदीच चुकीचा नव्हता. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास, उघड्या आकाशाखाली तयार झाला. म्हणून त्याचे कडे जिन्याच्या पायऱ्यांसारखे आडवे. डार्टमूरचा ग्रॅनाइट कधी उघड्यावर वाहिलाच नाही. सुमारे अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वी तो जमिनीच्या पोटात, वरच्या खडकांच्या दडपणाखाली सावकाश थंड झाला. इतका सावकाश, की त्यातल्या फेल्डस्पारचे स्फटिक वाढत वाढत बोटाच्या पेराएवढे झाले. हेटॉरच्या दगडावर ते पांढऱ्या चौकोनी ठिपक्यांसारखे सहज दिसतात. पुढे वरचे खडक झिजून गेले, दडपण उतरले, आणि ग्रॅनाइट अंग सैल केल्यासारखा फुलून आडवा तडकला. त्यामुळे टॉर पाहताना भाकऱ्यांची चवड रचल्याचा भास होतो. हंपीचे दगड याहून कितीतरी जुने, वयाने कोटींच्या शेकड्यांत मोजावे असे. पण मोठ्या शिळांच्या सांधीसांधीत पाणी शिरून कडा गोलावणे आणि भुगा झालेला भाग वाहून गेल्यावर गाभा उरणे, हा क्रम दोन्हीकडे ओळखीचा वाटतो.

हा भुगा नेमका कधी आणि कसा झाला, यावर मात्र विद्वानांत जुना वाद आहे. डेव्हिड लिंटन यांनी १९५५ साली मांडले की उष्ण, दमट हवामानाच्या काळात जमिनीखालीच रासायनिक झीज होऊन खडक कुजला, जिथे भेगा विरळ होत्या तिथला गाभा टिकला, आणि नंतरच्या थंड काळात कुजका भाग घसरून गेल्यावर तो उघडा पडला. १९६२ साली पामर आणि नील्सन यांनी याला हरकत घेतली : त्यासाठी उष्ण कटिबंध आणायचे कारण नाही, हिमयुगातल्या गोठण्या-वितळण्याने एवढे काम होऊ शकते. टॉरच्या पायथ्याशी ओघळून पडलेल्या शिळांचा खच पाहिला की पामर-नील्सन पटतात, आणि रस्त्यासाठी कापलेल्या एखाद्या दरडीत हाताने चुरगळणारा, तरीही ग्रॅनाइटची सगळी ठेवण जपून असलेला मुरूम दिसला की लिंटन पटतात. आम्ही सहा दिवसांत चार वेळा पक्ष बदलला. एक गोष्ट मात्र दोन्ही पक्षांत सारखी : डोळ्यांना जे 'उभारलेले' दिसते ते प्रत्यक्षात 'उरलेले' आहे.

छायाचित्रकाराला टॉर फार छळतात. डोळ्यांना जी रास अंगावर येते ती रुंद भिंगातून पाहिली की क्षितिजावर ठेवलेल्या खड्याएवढी होते. लांबच्या भिंगाने जवळ ओढावी तर भोवतालची विस्तीर्ण पोकळी जाते, आणि पोकळी गेली की टॉर म्हणजे नुसता दगडांचा ढीग. दगड आपण करडा म्हणतो, पण तो करडा नसतो. त्यावर पांढऱ्या, राखी, पिवळट-हिरव्या दगडफुलाची खपली असते आणि पावसानंतर तासाभरात तिचे रंग दोनदा बदलतात. धुके पाहून कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला वाटते की उजेड फार आहे, आणि तो चित्र काळवंडून टाकतो. वाऱ्याबद्दल काय सांगावे? तिपाईला खाली पाठपिशवी लटकवली तर पिशवीच झोके घेऊ लागते आणि तिपाई हलते. अखेर आमच्यापैकी एकीला तिपाईचे पाय धरून बसावे लागले. चांगला प्रकाश मिळतो तो सूर्य खाली असताना, सकाळी आणि संध्याकाळी अर्धा-पाऊण तास, तोही ढग देतील तेव्हा.

या सगळ्या अडचणी झेलून पहिल्या तीन दिवसांत आम्ही चारशेहून अधिक छायाचित्रे घेतली, आणि ती सगळी रिकामी होती. रिकामी म्हणजे आम्ही मोठ्या मेहनतीने रिकामी केलेली. हेटॉरच्या माथ्यावर शाळेच्या मुलांचा घोळका चढला तर तो उतरेपर्यंत आम्ही थंडीत थांबलो. वाहनतळ येऊ नये म्हणून चौकट उजवीकडे सरकवली. माथ्यावर चढण्यासाठी खडकात कोरलेल्या पायऱ्या आहेत, त्या दिसू नयेत म्हणून वळसा घालून मागच्या बाजूने उभे राहिलो. मेंढ्यांनी तर वैताग आणला. डार्टमूरच्या मेंढ्या कुंपणाशिवाय चरतात, आणि कोणाची कोणती हे कळावे म्हणून त्यांच्या लोकरीवर निळ्या-तांबड्या रंगाचे भले मोठे ठसे मारलेले असतात. बास्करव्हिलच्या मूरवर निळ्या ठशाची मेंढी चालत नाही! जिथे मेंढी टाळता आली नाही तिथे संध्याकाळी खोलीवर बसून संगणकावर ती पुसली.

यात आम्हांला काही गैर वाटत नव्हते, आणि थोरांचे दाखलेही होते. अॅन्सेल अॅडम्स यांच्या १९४४ सालच्या 'विंटर सनराइज'मध्ये लोन पाइन गावच्या टेकडीवर शाळेच्या मुलांनी पांढऱ्या दगडांत मांडलेली गावाच्या नावाची दोन आद्याक्षरे होती; अॅडम्स यांनी ती निगेटिव्हवरूनच काढून टाकवली आणि तसे त्यांनी उघड सांगितलेही आहे. बिल ब्रँड्ट यांनी १९४५ साली यॉर्कशरच्या मूरवरच्या टॉप विदन्स या पडक्या घराचे जे छायाचित्र घेतले, ज्याच्याकडे पाहताना 'वुदरिंग हाइट्स' आठवल्यावाचून राहत नाही, त्यातले ते भयाण आकाश दुसऱ्या निगेटिव्हमधले आहे. मग आमच्या एका मेंढीचे काय एवढे!

भांडण सुरू झाले ते चौथ्या दिवशी सकाळी, नकाशामुळे. इंग्लंडच्या सर्वेक्षण खात्याचे पंचवीस हजारास एक या प्रमाणातले नकाशे ज्यांनी पाहिले असतील त्यांना ठाऊक असेल की त्यांत पुरातन अवशेषांची नावे जुन्या वळणाच्या, टोकदार अक्षरांत छापतात. डार्टमूरच्या नकाशावर या अक्षरांची इतकी दाटी आहे की शहराचा नकाशा पाहतो आहोत असे वाटावे. गोल झोपड्या, दफनाच्या राशी, दगडांच्या रांगा, वाडे, शेते. आमच्यातली नकाशेवाली तीन दिवस हे वाचत होती, आणि कॅमेरेवाला ज्याला 'अहाहा, काहीच नाही' म्हणत होता तिथे तिच्या बोटाखाली वस्ती होती. शेवटी तिने विचारले, "अहो, तुम्ही फोटो कशाचा काढताय? इथं नकाशात भिंत आहे, ती तुमच्या पायाखाली आहे."

भिंत खरोखरच होती. गुडघ्याइतकीही उंच नसलेली, गवताने झाकलेली एक वरवंडी. असे बांध डार्टमूरवर सर्वत्र, एकमेकांना समांतर, किलोमीटर किलोमीटर चढ-उतार न जुमानता सरळ गेलेले आहेत. त्यांना स्थानिक बोलीत 'रीव्ह' म्हणतात. फार काळ ते मध्ययुगातले समजले जात. १९७० च्या दशकात अँड्र्यू फ्लेमिंग या पुरातत्त्वज्ञांच्या कामातून हे स्पष्ट झाले की हे कांस्ययुगातल्या शेतांचे बांध आहेत, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे. म्हणजे ज्या उतारावर आज झाड नाही तिथे कोणीतरी आखणी करून जमीन वाटली होती. झाडेही आपोआप गेली नाहीत. माणसांनी ती जाळली, तोडली, जनावरे चारली, हवामान थंड-ओले होत गेले तशी पिके मागे हटली. मूर हा निसर्गाने रिकामा ठेवलेला प्रदेश नाही, माणसांनी वापरून ठेवलेला आहे, आणि आजही चराईमुळे व उन्हाळ्याआधी ठरवून लावलेल्या आगींमुळे तो मूर राहतो.

कॅमेरेवाल्याचे म्हणणे असे की हे सगळे खरे असेल, पण चित्रात ते दिसत नाही. वरवंडीचा फोटो काढला तर गवताचा फोटो येईल. त्यावर नकाशेवाली गप्प बसली आणि संध्याकाळपर्यंत थांबली. सूर्य टेकायला आला, प्रकाश जमिनीला घासून यायला लागला, आणि समोरच्या उतारावर सकाळी जिथे नुसते तपकिरी गवत होते तिथे सावल्यांच्या समांतर रेघा उमटल्या. पाच, सहा, सात. आम्ही ज्या उजेडाच्या मागे चार दिवस धावत होतो तोच उजेड बांध दाखवीत होता. त्या संध्याकाळी एकाही टॉरचा फोटो निघाला नाही.

पाचव्या दिवशी हेटॉरहून हाउंड टॉरपर्यंत चालत गेलो. मध्ये बेका नावाच्या ओढ्याची खोल घळ आहे. पलीकडे चढून गेले की हाउंड टॉर आणि ग्रेटॉर यांच्या खिंडीत एका मध्ययुगीन गावाची जोती आहेत. १९६० च्या दशकात तिथे उत्खनन झाले. माणसे एका टोकाला आणि गुरे दुसऱ्या टोकाला राहतील अशी लांबट घरे; गुरांकडची बाजू उताराकडे, म्हणजे मूत वाहून जावे. असे घर कोकणात किंवा मावळात आजही एखादे सापडेल. काही कोठारांत धान्य सुकवायच्या भट्ट्या आहेत. कापणीला आलेले पीक उन्हात वाळत नव्हते म्हणून ते आगीवर सुकवावे लागत होते, ही एवढी एकच गोष्ट त्या गावाचे हाल सांगायला पुरेशी आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या सुमारास गाव ओस पडले. प्लेग, हवामान, खाली मिळणारी बरी जमीन, कारणे काहीही असोत. वरती हाउंड टॉरचे सुळके मात्र दंतकथेतल्या शिकारी कुत्र्यांसारखे उभे आहेत. जवळच्या हेन डाउनवर बाउअरमन नावाच्या शिकाऱ्याचा दगड आहे. चेटकिणींच्या सभेत घोडा घातला म्हणून तो आणि त्याची कुत्री शिळा झाली, अशी गोष्ट. अहल्येच्या देशातून आलेल्यांना त्यात नवल वाटायचे कारण नव्हते.

गावाच्या जोत्यांपाशी आम्ही तिपाई लावून बसलो होतो तेव्हा चार चाकी मोटारसायकलवरून एक गृहस्थ आले. साठीचे असावेत, मागे एक कुत्रा बसलेला. त्यांनी यंत्र बंद केले, नमस्कारादाखल टोपीला हात लावला आणि विचारले, "माझ्या मेंढ्या तुमच्या फोटोत आल्या तर चालतील ना? गेल्या महिन्यात एका साहेबांनी मला त्या हलवायला सांगितल्या होत्या." आम्ही हसलो, पण मागच्या तीन दिवसांत पुसलेल्या मेंढ्या आठवून हसणे जरा कमी पडले. त्यांच्याकडे या माळावर चराईचा परंपरागत हक्क होता. त्यांनी सांगितले की इथल्या मेंढ्यांना कुंपण लागत नाही, कारण प्रत्येक कळपाला आपली हद्द ठाऊक असते. मेंढीकडून कोकराकडे ती जाते, माणसाने शिकवून येत नाही. इथल्या बोलीत याला 'लीअर' म्हणतात. २००१ साली इंग्लंडभर लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा डार्टमूरवरचेही कळप मारावे लागले. "मेंढ्या परत विकत घेता येतात," ते म्हणाले, "ठावठिकाणा विकत घेता येत नाही." नव्या मेंढ्यांना हद्द कळेपर्यंत ते कित्येक हंगाम रोज सकाळी त्यांना परत आणून सोडीत होते. त्यांनी आम्हांला निळा ठसा दाखवला. तो त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून खांद्यावर डाव्या अंगाला मारला जातो.

परतताना उशीर झाला. त्यांनी 'धुके येईल, ओढ्यापाशी रेंगाळू नका' असे बजावले होते, आणि आम्ही अर्थातच रेंगाळलो. ओढ्यावरच्या दगडी पुलाचा, माणसे येत-जात नसतानाचा एक फोटो हवा होता. पलीकडचा चढ अर्धा चढलो असू, तेवढ्यात धुके आले. कादंबरीतले धुके हळूहळू पसरते. हे वरून पडदा टाकल्यासारखे आले. हेटॉर नाहीसा झाला, मग मागची घळ, मग दहा पावलांवरचे नेचे. मूरवर मेंढ्यांच्या पायवाटा शेकड्यांनी असतात आणि त्यांपैकी एकही माणसाच्या मुक्कामाला जात नाही. आम्ही त्यांतल्या तीन बदलल्या. मोबाइलच्या बॅटरीने थंडीत मान टाकली होती. कॅमेरेवाल्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला आणि बाहेर येताना बूट मागे ठेवून आला. तो हात घालून काढावा लागला. त्या वेळी दोघांपैकी कोणीही काही बोलले नाही. 'कोणीही नाही' हे जे आम्ही इतकी वर्षे मनात धरले होते ते आता चहूबाजूंनी होते, आणि त्याचा फोटो काढावा असे मुळीच वाटत नव्हते.

वाट सापडली ती पायाला लागून. अडखळून खाली पाहिले तर घडवलेल्या ग्रॅनाइटची एक पट्टी होती, कडेला खाच असलेली. आणि सुमारे १.३ मीटरवर तिला समांतर दुसरी. हा हेटॉरचा दगडी लोहमार्ग. लोहमार्ग म्हणायचे ते सवयीने, कारण यात लोखंड नाही : रूळही ग्रॅनाइटचेच. जॉर्ज टेम्पलर यांनी १८२० साली खाणीतला दगड खाली कालव्यापर्यंत न्यायला तो बांधला. भरलेल्या गाड्या उताराने आपल्या वजनाने जात आणि रिकाम्या गाड्या घोडे ओढून वर आणीत. १८३१ साली उघडलेल्या लंडन ब्रिजला इथला दगड लागला. तो पूल १९६८ साली विकला गेला आणि त्याचे दर्शनी दगड अमेरिकेतल्या अॅरिझोनाच्या वाळवंटात नेऊन १९७१ साली पुन्हा उभे केले. त्यांतला काही ग्रॅनाइट या धुक्यातून निघून तिथल्या उन्हात बसलेला असेल. मार्गावरची वाहतूक १८५८ पर्यंत बंद पडली होती. पण दगडी रूळ उखडून नेण्याइतके कोणाला महाग वाटले नाहीत, म्हणून ते राहिले.

दुसऱ्या दिवशीच आम्ही या रुळांवरून दोनदा गेलो होतो आणि दोन्ही वेळा चौकटीबाहेर ठेवण्यासाठी कॅमेरा वर उचलला होता. आता आमच्यातली नकाशेवाली पुढे, रुळावर पाऊल ठेवीत, आणि कॅमेरेवाला मागे, तिच्या पाठपिशवीचा पट्टा धरून. एके ठिकाणी रूळ फाटत होते. सांधा बदलण्यासाठी दगडातच कोरलेले वळण होते. तिथे तिने नकाशा नाकाशी धरला, बोटाने तुटक रेषा चाचपली आणि म्हणाली, "डावीकडं खाण आहे. उजवीकडं चला." पाऊण तासाने डांबरी रस्ता लागला.

सहाव्या दिवशी पावसाने बाहेर पडू दिले नाही. बसने प्रिन्सटाउनला गेलो. नेपोलियनच्या युद्धातल्या कैद्यांसाठी १८०९ साली सुरू झालेला तिथला तुरुंग आम्ही पाहिला तेव्हा मोकळा होता. ग्रॅनाइटमधून निघणाऱ्या रेडॉन वायूचे प्रमाण वाढलेले आढळल्याने २०२४ साली तिथले कैदी हलवण्यात आले होते. खडक नुसता उभा नसतो, हे तिथे कळते. रात्री खोलीवर जुने फोटो चाळताना आम्हांला फे गॉडविन यांची आठवण झाली. या बाईंनी (१९३१–२००५) टेड ह्यूज यांच्याबरोबर 'रिमेन्स ऑफ एल्मेट' (१९७९) केले तेव्हा त्यांच्या मूरमध्ये गिरण्यांची धुराडी आणि पडकी घरे होती. १९९० च्या 'आवर फॉरबिडन लँड'मध्ये तर काटेरी तारा, मज्जावाच्या पाट्या, लष्कराची हद्द हेच विषय. पायी भटकणाऱ्यांच्या संघटनेच्या त्या अध्यक्षही होत्या. पूर्वी ते पुस्तक पाहिले तेव्हा आम्हांला ते प्रचारकी वाटले होते. आता वाटते, त्यांनी तार दाखवली म्हणून जमीन कोणाची हा प्रश्न चित्रात आला. डार्टमूरवरही तो जुना झालेला नाही. तिथल्या खुल्या माळावर रात्री तंबू ठोकायचा लोकांचा हक्क २०२३ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने नाकारला, जुलैत अपिलात तो परत मिळाला, आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. उत्तरेकडचा बराच भाग लष्कराच्या गोळीबाराच्या सरावाला आहे. लाल बावटा वर असेल त्या दिवशी तिकडे जायचे नाही. ते बावटेही आमच्या एकाही फोटोत नव्हते.

पुण्यास परतल्यावर डार्टमूरची छायाचित्रे लावताना नकाशेवालीने एक जुनी फाइल उघडली. त्यात राजापूर तालुक्यातल्या सड्यांची छायाचित्रे आहेत, २००८ सालच्या श्रावणातली. कातळावर पाणी, सीतेच्या आसवांची निळाई, आणि वर ढग. त्या फाइलला आम्हीच नाव दिले होते : 'रिकामा सडा'. सरकारदरबारी या सड्यांची नोंद पडीक म्हणून होते, आणि आमची छायाचित्रे त्या नोंदीला साक्षीदार म्हणून उभी करता येतील इतकी चोख रिकामी आहेत. गुराखी नाही, खोलगट जागेतला भाताचा तुकडा नाही, गडगा नाही. याच सड्यांवर जांभ्यात कोरलेली कातळशिल्पे मोठ्या संख्येने उजेडात आली, आणि २०२२ साली त्यांपैकी काही जागांचा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. त्यांत बारसू आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याच बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले तेव्हा गावकरी, विशेषतः बायका, उन्हात कातळावर आडव्या पडून होत्या. ती दृश्ये आम्ही दूरदर्शन संचावर पाहिली होती आणि आपण तिथे गेलो होतो हे एकमेकांना कौतुकाने सांगितलेही होते.

फाइलमधले बारावे छायाचित्र आमच्या दिवाणखान्यात सतरा वर्षे टांगलेले आहे. संगणकावर ते पूर्ण आकारात मोठे करून पाहिले. खालच्या डाव्या कोपऱ्यात, वीतभर पाण्याखाली, एक वळणदार खोल रेघ दिसते. ती जांभ्याची आपसूक पडलेली भेग असेल, किंवा नसेल. फोटोवरून सांगता येत नाही, कारण कडेला ती कापली गेली आहे. त्या वेळी तिथे एक गुराख्याचा पोरगा छत्री घेऊन उभा होता, हे दोघांनाही आठवते. त्याला चौकटीबाहेर काढण्यासाठी आम्ही चित्राची ती बाजू छाटली, आणि संगणकात जागा व्हावी म्हणून मूळ छायाचित्र पुसून टाकले.